शिशाची गोळी, तांब्याची गोळी

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी १६०४ साली अकबराचा धाकटा मुलगा दानियाल याला दिली. दानियाल तेव्हा मोगलांचा दख्खनचा कारभार बुऱ्हाणपुरातून पाहत असे. म्हणजे आपल्या विजापूरची लेक तापीकाठी नांदायला गेली! जावई शिकारीचा आणि बंदुकांचा भलताच शौकीन. एका लाडक्या बंदुकीचे नावच त्याने ‘यका-ओ-जनाजा’ ठेवले होते. जिची गोळी लागली तो थेट तिरडीवर, असा त्याचा भाव. पुढचा प्रकार जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. दानियालची दारू तोडली होती, तेव्हा नोकराने याच बंदुकीच्या नळीत भरून ती चोरून आणली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याची काजळी त्या कडक मद्यात उतरली आणि शहजादा ते पिऊन अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. विजापूरच्या लेकीला संसार वर्षभरही धड लाभला नाही.

बुऱ्हाणपुरात नदीपलीकडे जैनाबादला मोगलांचे मृगवन होते, त्याचे अवशेष ‘आहुखाना’ म्हणून आजही दाखवतात. १६३१ मध्ये मुमताजमहलचे पहिले दफन याच परिसरात झाले. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीत गोळी असे ती शिशाची. शिसे (कन्नडमध्ये सीस) ३२७ अंशांवर वितळते, चुलीवरही रस होतो, साच्यात ओतली की गोळी तयार. शिवाय जड, पाण्याच्या अकरापट. जनावराच्या अंगात ती मऊपणामुळे चेपून आळंबीसारखी पसरते व मोठी जखम करते. चारशे वर्षे शिकाऱ्यांनी शिसे सोडले नाही ते यामुळे.

पण पसरताना ती फुटतेही. मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले तेव्हा जखमेपासून वीतभर लांबही शिशाचे बारीक कण चांदण्यांसारखे विखुरलेले दिसले. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याच्या पोटातील तीव्र आम्लात शिसे विरघळते, रक्तात जाते, मज्जासंस्था लुळी पडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया काँडोर हे मोठे गिधाड १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून त्यांना पुन्हा रानात सोडले, तरी शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण राहिले. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. डेन्मार्कने छरे १९९६ मध्येच बंद केले होते, रायफलीची गोळी एप्रिल २०२४ पासून.

मग पर्याय काय? तांबे. अमेरिकेत १९८९ च्या सुमारास पूर्ण तांब्याची शिकारी गोळी बाजारात आली. तिच्या नाकात पोकळी आणि आतून चिरा असतात. लागताच नाक चार पाकळ्यांत उमलते, पण तुकडे पडत नाहीत. काढून तोलली तर वजन जवळजवळ तेवढेच भरते. अडचण अशी की तांबे शिशापेक्षा हलके. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी सरळ जाण्यासाठी नळीतल्या आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. म्हणून जाणते लोक थोडी हलकी गोळी अधिक वेगाने मारतात. तांबे कठीणही असते, त्यामुळे नळीवरचा दाब कमी करायला गोळीच्या अंगावर खाचा पाडतात. खरा धोका वेगाचा. फार लांबून मारली तर वेग उतरतो, पाकळ्या उमलत नाहीत, गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर पळून जाते. योग्य अंतरात मात्र डेन्मार्कमध्ये हरणांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) शिसे आणि तांबे यांच्या परिणामात सांगण्याजोगा फरक आढळला नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद, मग हे कशाला? कोडगूत घरोघरी बंदूक आहे, परवान्यातून सूट आहे, तरी ‘बेटे’ तिथेही बंदच. पण त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात पिकांची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांना परवानगीने मारण्याची सोय आहे. रानडुक्कर, म्हणजे काडुहंदी, एका रात्रीत पिकाची काय दशा करते ते शेतकऱ्यालाच विचारावे. बिहारमध्ये २०१६ साली दोनशेवर नीलगायी गोळ्या घालून मारल्या. मागणी वाढतच जाणार, आणि ती गैर आहे असे मी म्हणणार नाही.

परवानगी देताना गोळी कसली, हा प्रश्न मात्र कुठे विचारलेला ऐकिवात नाही. डायक्लोफेनॅक टोचलेली गुरे खाऊन आपली गिधाडे कशी संपत आली, हे आपण पाहिले. पांढऱ्या पाठीची गिधाडे २००७ पर्यंत शंभरातले एकही उरले नाही इतकी घटली. ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद झाले. कर्नाटकाने रामनगरजवळ २०१२ मध्ये गिधाडांसाठी (रणहद्दु) अभयारण्य केले. उरलेल्या या पक्ष्यांच्या ताटात आता शिसे नको.

तांब्याची गोळी मात्र रायफलीची. शेतकऱ्याकडे परवान्याची असते ती बहुधा बारा बोअरची, बिनआट्याची बंदूक. तिच्यात शिशाऐवजी पोलादी छरे चालतात, पण ते कठीण. जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळीला इजा करू शकतात, आणि हलके असल्याने जवळूनच मारावे लागतात. तेव्हा सध्या हातात उरते ते मारलेले डुक्कर खोल पुरणे आणि जखमी होऊन झुडपात गेलेले त्याच दिवशी शोधून काढणे. ते मांस चोरून घरी नेऊ नये, हे कायद्यासाठी तर आहेच, पण पोरांच्या पोटात शिसे जाऊ नये म्हणूनही. मुलांच्या मेंदूला शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही.