गाणारा संपादक : शाहीर अमर शेख

बार्शी म्हटले की व्यापारी कुटुंबांना धान्याची पेठ आठवते. त्याच बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका दरिद्री मुस्लिम घरात मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. आई मुनेरबी हिच्या ओठी असलेली लोकगीते हीच त्यांची पहिली शाळा. मोटारीवर क्लीनर, पुढे गिरणीत कामगार. संपापायी विसापूरचा तुरुंग. कोल्हापुरात मास्टर विनायकांकडे असताना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. परभणीसह मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईसह मराठी राज्याचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. त्या लढ्यात डफावर थाप पडून अमर शेखांचा पहाडी आवाज उठला की सभा भारून जाई. आचार्य अत्र्यांनी तर त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हटले.

आवाजाच्या या कीर्तीत लेखणी झाकली गेली, हा त्यांच्यावर अन्यायच होय. ‘युगदीप’ आणि ‘वक्ता’ ही नियतकालिके त्यांनी संपादित केली. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिले. नियतकालिक चालविणे हा बहुधा तोट्याचा व्यवहार, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. पाठीशी भांडवल नसलेल्या शाहिराने तो दोनदा पत्करला.

१९६९ च्या १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखही गेले. वय अवघे ५२.