घोलवडच्या चिकूचें आसव

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे निघालें म्हणजे डहाणूच्या पुढें घोलवड लागतें. तेथून कांहीं कोसांवरच महाराष्ट्र संपतो आणि दारूबंदीचा गुजरात सुरू होतो. घोलवड म्हटलें कीं शहरवासियांना आठवतो तो चिकू. मध्य अमेरिकेंतून आलेला हा वृक्ष येथें १८९८ च्या सुमारास लागला असें सांगतात. समुद्रकांठची दमट हवा व चुनखडीयुक्त जमीन त्याला चांगलीच मानवली, आणि २०१६ सालीं ‘डहाणू घोलवड चिकू’ या नांवास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

परंतु नांव झालें म्हणून फळ टिकाऊ होत नाहीं. चिकू झाडावरून टणकच उतरवितात. चारसहा दिवसांत तो मऊ पडतो, आणि त्यापुढें त्याचें आयुष्य फार तर दोनतीन दिवसांचें. गाडी चुकली किंवा बाजारांत एकदम माल आला, कीं बागाईतदाराची वर्षाची मेहनत टोपलींतच आंबते. हेंच आंबणें माणसाच्या ताब्यांत आणतां आलें तर?

घोलवडच्या शेजारीं बोर्डी येथें ‘हिल झिल वाईन्स’ या लहानशा कारखान्यानें या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तो प्रयत्न केला, व ‘फ्रुझान्ते’ या नांवानें चिकूची फसफसणारी वाईन बाजारांत आणली.

आंबविण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. याच किनाऱ्यावर सकाळची गोड ताडी दुपारीं कडक होते ती याच क्रियेनें. वैद्यांचें द्राक्षासवहि तिच्यावरच अवलंबून. किण्व नांवाचे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचें मद्यार्क व कर्बाम्लवायु यांत रूपांतर करतात. हें काम सजीवांचें आहे, असें लुई पाश्चर यांनीं १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनीं दाखवून दिलें. हा वायु बाटलींत कोंडला गेला म्हणजे वाईन फसफसते.

चिकूची अडचण मात्र निराळी आहे. त्याची साखर द्राक्षाच्या जवळपास पोंचते, पण आंबटपणा जवळजवळ नाहींच. द्राक्षांतील आम्ल चव तर आणतेंच, शिवाय नको त्या जंतूंना दूर ठेवतें. चिकूच्या गरांत तें वरून मिसळावें लागतें. द्राक्ष पिळलें कीं रस गळतो. चिकूचा होतो नुसता रवाळ लगदा.

मग चिकूची तांबडी वाईन कां होऊं नये? याचें उत्तर सालींत आहे. काळ्या द्राक्षांचाहि रस बहुधा फिकाच असतो. साली रसाबरोबर आंबविल्या तर वाईन तांबडी होते; आधींच वेगळ्या केल्या तर पांढरी. नाशिककडे शिराझ वा काबर्ने द्राक्षांपासून तांबडी वाईन होते ती अशीच. चिकूच्या खरबरीत तपकिरी सालींत तो रंगच नाहीं.

तरी तांबड्या वाईनशीं चिकूचें एक नातें आहे, आणि तें रंगाहून मौजेचें आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लहानपणीं कच्चा चिकू चावला असेल त्यांना जिभेला बसलेली ती मिठी आठवेल. ती टॅनिन नामक तुरट द्रव्याची करणी. तांबड्या वाईनचा तुरटपणाहि द्राक्षाच्या साली व बिया यांतून उतरलेल्या त्याच जातीच्या द्रव्यांचा असतो. चिकू पिकूं लागला कीं हा तुरटपणा ओसरतो. अगदीं पिकलेलें फळ घ्यावें तर वाईन मिळमिळीत होण्याची भीति, अर्धेंकच्चें घ्यावें तर तोंड आवळतें. फळ नेमकें कोणत्या दिवशीं घ्यावें, हें ओळखण्यांतच कारागिराची परीक्षा.

राज्याच्या २००१ सालच्या धोरणानें द्राक्षाच्या वाईनला हात दिला. चिकूच्या वाट्यास तेवढें लक्ष आलें नाहीं. एका कारखान्यानें साऱ्या बागांचा माल संपेल असेंहि नव्हे. वाळविलेल्या फोडी आणि भुकटी यांचीहि जोड लागेलच. पण बाजारांत चिकूचा भाव ठरतो तो आकारावर व रूपावर, आणि लहान, डाग पडलेलें फळ मागें उरतें. आंतून निरोगी असलें म्हणजे वाईनला तें चालतें.