ते वेगळा पदवीदान समारंभ का करतात?

मे महिना आला की सॅन होजेच्या डाउनटाउनमध्ये काळे झगे आणि चौकोनी टोप्या दिसायला लागतात. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीदानाचे दिवस असतात ते. गेल्या मे महिन्यात इथे एमएस करणारी तीन मराठी मुलं आमच्याकडे जेवायला आली होती. पिठलं-भाकरीवर ताव मारता मारता त्यातला एक म्हणाला, "दादा, मुख्य समारंभ सगळ्यांसाठी असतोच ना? मग हे लॅटिनो लोक आपला वेगळा का करतात? उगाच आपलं आम्ही वेगळे, आम्ही वेगळे."

मी लगेच काही बोललो नाही. कारण नऊ-दहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मीही म्हणालो होतो, जवळजवळ याच शब्दांत.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. औरंगाबादला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये बँकेचं कर्ज काढून इथे आलो. दोन बेडरूमच्या घरात आम्ही पाच जण. कुणी पुण्याचं, कुणी ठाण्याचं, कुणी हैदराबादचं. वर्ग, लॅब, इंडियन स्टोअर, भारतीय विद्यार्थी संघटनेची दिवाळी, की परत वर्ग. दोन महिने झाले तरी या चक्राबाहेरच्या एकाही माणसाशी मी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललो नव्हतो.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं. मला काम मिळालं किंग लायब्ररीत. ही लायब्ररी मोठी गमतीची आहे. २००३ पासून ती शहराची आणि विद्यापीठाची मिळून एकच आहे. त्यामुळे प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आणि गोष्टीचं पुस्तक शोधणारं शेजारच्या गल्लीतलं पोर एकाच दारातून आत येतात. माझ्यासोबत काउंटरवर एक मुलगी असायची. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. गाव सॅलिनास, इथून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर. आईवडील मेक्सिकोतून आलेले.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आमच्या संघटनेची मीटिंग आहे, चल. पिझ्झा आहे." पिझ्झा फुकट म्हटल्यावर मी निघालो.

ती संघटना म्हणजे सोसायटी ऑफ हिस्पॅनिक प्रोफेशनल इंजिनिअर्सची विद्यार्थी शाखा. लॉस एंजेलिस महापालिकेत नोकरी करणाऱ्या काही इंजिनिअर्सनी १९७४ मध्ये ही संस्था काढली आणि आता तिच्या शाखा देशभरातल्या विद्यापीठांत आहेत. मला वाटलं होतं, नाचगाणं असेल. तिथे तर शेवटच्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना बसवून घेऊन रेझ्युमे तपासत होती. नोकरी मेळाव्यात स्टॉलवरच्या माणसापुढे जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, याची तालीम चालली होती. मग एका मुलाने विचारलं, "या आठवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला कोण कोण गेलं?" दोन-तीन हात वर आले. तो म्हणाला, "आपल्याला वाटतं, काही चुकलं तरच तिथे जायचं. ते तास आपल्यासाठीच असतात. पुढच्या गुरुवारपर्यंत प्रत्येकाने एकदा तरी जाऊन यायचं."

मी पिझ्झाचा तुकडा हातात धरून तसाच बसलो. मीही एकदाही गेलो नव्हतो. आमच्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं म्हणजे पोराने काहीतरी उद्योग केलाय, एवढाच अर्थ. माझे पुण्याचे रूममेट मात्र बिनधास्त जायचे. ज्यांचे आईवडील शिकलेले असतात त्यांना हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं.

घरी येऊन मी हे सांगितलं तर एक रूममेट म्हणाला, "अरे, यांना काय, इकडेही आरक्षण आहे." दुसऱ्याने भर घातली, "कागदपत्रं नाहीत त्यांनाही कमी फी, आणि आपण रांगेत उभं राहून व्हिसा घेतला तर आपल्याला परराज्याची फी!" खरं सांगायचं तर हे मलाही खटकत होतं. पुढे मी जरा वाचलं. आरक्षणाचं म्हणणं तर साफ चुकीचं निघालं. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये 'प्रपोझिशन २०९' मंजूर झालं. तेव्हापासून सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंश बघताच येत नाही. 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' हा जो शिक्का आमच्या विद्यापीठावर आहे, तो पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले की मिळतो. त्यातून तेव्हा संस्थेला केंद्राच्या निधीसाठी अर्ज करता यायचा, कुणाला राखीव जागा मिळत नाही. फीचं म्हणणं निम्मं खरं. २००१ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियातच तीन वर्षं हायस्कूल करून पास झालेल्या मुलांना, कागदपत्रं नसली तरी, राज्याच्या रहिवाशांची फी लागते. म्हणजे ती मुलं इथेच वाढलेली. मी मात्र विमानातून उतरून दोनच महिने झाले होते.

वेगळ्या समारंभाची गोष्टही मला लायब्ररीतच कळली, आणि तिची मुळं याच कॅम्पसमध्ये निघाली. १९६८ च्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या हायस्कूलची हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. त्याच वर्षी जूनमध्ये सॅन होजे स्टेटच्या पदवीदान समारंभातून सुमारे २०० जण उठून बाहेर पडले. पदवी घेणारे चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचे विद्यार्थी, आणि प्रेक्षकांत बसलेले त्यांचे लोक. म्हणणं असं की आमचे एवढे लोक या शहरात राहतात आणि कॉलेजात आम्ही मूठभर. शिवाय इथून शिकून आमच्याच वस्तीत शिक्षक नि समाजसेवक म्हणून येणाऱ्यांना आमच्याबद्दल काहीच शिकवलं जात नाही. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, सांता बार्बराला मोठी परिषद झाली आणि ठिकठिकाणच्या विद्यार्थी संघटना 'मेचा' या नावाखाली एकत्र आल्या. स्पॅनिशमध्ये मेचा म्हणजे वात. दिव्याचीही आणि सुरुंगाचीही.

हे सगळं वाचून कळलेलं. खरं कळलं ते एका शनिवारी.

संघटनेने नव्या मुलांच्या पालकांसाठी कार्यक्रम ठेवला होता, सगळा स्पॅनिशमधून. लॅपटॉप लावायला माणूस हवा म्हणून मैत्रिणीने मला बोलावलं. सरकारी आर्थिक मदतीचा 'फॅफ्सा' नावाचा फॉर्म भरायचा होता. त्यात आईवडिलांच्या उत्पन्नाचे तपशील लागतात. दोन-दोन ठिकाणी मजुरी करणारी माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली होती. त्या पिशव्या बघून मला आमच्या तहसील कचेरीबाहेरची उत्पन्नाच्या दाखल्याची रांग आठवली.

दुपारी तिचे वडील माझ्या शेजारी जेवायला बसले. कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेले तामाले होते. लेकीला दुभाषी करून त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

हा प्रश्न मला इथे बऱ्याचदा विचारला गेला होता आणि माझं उत्तर ठरलेलं होतं, "एसटीत आहेत." समोरचा परस्पर अधिकारी समजायचा आणि मी समजू द्यायचो. त्या दिवशी का कोण जाणे, खरं सांगितलं. अण्णा एसटीत ड्रायव्हर आहेत. आजी-आजोबा ऊसतोड मजूर होते. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे जायचे, पाचटाच्या कोपीत राहायचे, चार-पाच महिन्यांनी परत यायचे. अण्णाही लहानपणी सोबत जायचे, म्हणून सातवीत शाळा सुटली. आईला सहीपुरतं लिहिता येतं.

मुकादम म्हणजे कोण हे मी समजावत होतो तर ते मध्येच म्हणाले, "मायोर्दोमो!" आणि हसले. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. उन्हाळाभर सॅलिनासला लेट्यूस काढायचं. नोव्हेंबरमध्ये तिथलं पीक संपलं की सगळं बिऱ्हाड घेऊन ॲरिझोनातल्या युमाला जायचं आणि वसंतात परत यायचं. पोरांची शाळा दरवर्षी मध्येच बदलायची. पुढे त्यांना शीतगृहात कायमचं काम मिळालं, तेव्हा कुठे मुलीची शाळा एका जागी टिकली. त्यांचे वडील ब्रासेरो म्हणून आलेले. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणले, त्यातले एक. तेव्हा हातभर दांड्याचं खोरं वापरायला लावायचे. दिवसभर कमरेत वाकूनच काम. पाठ सरळ करून उभा राहिलेला माणूस मुकादमाला लांबूनही दिसावा म्हणून. पाठी कायमच्या गेल्या लोकांच्या. कॅलिफोर्नियात त्या खोऱ्यावर बंदी आली ती १९७५ मध्ये. "वडिलांचं खोरं अजून आमच्या गॅरेजमध्ये टांगलेलं आहे," ते म्हणाले. आमच्या घरी आजीचा कोयता अजून आहे, हे मी त्यांना सांगितलं.

२०१६ च्या मे महिन्यात तिने मला त्यांच्या समारंभाला बोलावलं. माझाही पदवीदान समारंभ त्याच सुमारास होता. इथे घोषणा इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही होत होत्या. मारियाचीवाले वाजवत होते. नाव पुकारलं की मुलांबरोबर घरची माणसं मंचावर जात होती. कुणाची आजी व्हीलचेअरवर, कुणाच्या कडेवर स्वतःचं बाळ. माझ्या मैत्रिणीने आईवडिलांना दोन्ही हातांना धरून नेलं. आईने पॅकिंग शेडमध्ये घालायचेच बूट नीट पुसून घातले होते. पदवीची कागदी गुंडाळी तिने आधी आईच्या हातात दिली.

मला तिथे बसवेना. कारण माझ्या समारंभाला माझ्या घरचं कुणी येणार नव्हतं, आणि त्याला कारण मी होतो. अण्णांनी डिसेंबरातच फोनवर विचारलं होतं, "आम्ही यावं का रे?" मी म्हणालो होतो, तिकीट महाग आहे, व्हिसाची कटकट आहे, दोन तासांचा तर कार्यक्रम. तिकीट महाग होतंच. पण आतलं कारण वेगळं होतं. नऊवारीतली आई आणि इंग्रजी न येणारे अण्णा माझ्या मित्रांच्या आईवडिलांमध्ये कसे दिसतील, याची मला लाज वाटली होती. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

बाहेर येऊन फोन लावला. बीडला भल्या पहाटेची वेळ. काय बोलायचं ते सुचेना. "काही नाही, सहज केला," म्हणालो. आता व्हिसाला वेळही उरला नव्हता.

ते आले २०१९ मध्ये. रविवारी त्यांना कॅम्पस दाखवायला नेलं. तिथे शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांच्या नावाने २००८ मध्ये उभारलेली कमान आहे. चित्रकार जूडी बाका यांनी केलेली. तिच्यावर शेतमजुरांची चित्रं आहेत आणि आतल्या बाजूला गांधीजीही आहेत. गांधीजींना बघून अण्णा एकदम थांबले. मग मजुरांच्या चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाले, "यांना उचल किती देतात?" मी माहीत होतं तेवढं सांगितलं. आईने माझा झगा पिशवीत घालून आणला होता. तो मला घालायला लावून तिने फोटो काढून घेतला. डिसेंबरातलं ते फोनवरचं बोलणं मी अजूनही तिच्यापुढे काढलेलं नाही.

तर त्या दिवशी जेवणानंतर मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, मोठ्या स्टेडियममध्ये आईवडील लांब वरच्या रांगेत बसतात, इथे ते मंचावर येतात. म्हणून वेगळा करतात. मग त्याला विचारलं, वडील काय करतात? तो जरा थांबून म्हणाला, "शेती... म्हणजे थोडीशीच आहे."

मी विचारलं, "ऑफिस अवर्सला जातोस का कधी?" तो नुसताच हसला.

"जात जा. आणि तुझं पदवीदान पुढच्या मेमध्ये ना? घरच्यांचे पासपोर्ट आत्ताच काढायला घे. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागतात. फॉर्म भरायला मी बसतो तुझ्यासोबत."