पंजाबी म्हणजे कोंबडी, मद्रासी म्हणजे इडली?

पुण्यात केटरिंग करते, त्यामुळे पाहुण्यांबद्दलचे समज आधी माझ्या कानावर येतात. "व्याही पंजाबी आहेत, चिकनशिवाय चालायचं नाही." किंवा, "जावयाकडचे चेन्नईचे, सगळं शाकाहारीच ठेवा." दोघांनाही माझं एकच सांगणं: आधी त्यांना विचारून घ्या.

कारण आकडे बरोबर उलटे आहेत. भारताच्या महानिबंधकांच्या २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीत पंजाबातले १५ वर्षांवरचे जवळजवळ दोनतृतीयांश लोक शाकाहारी निघाले. तमिळनाडूत शंभरात तीनही नाहीत. आपल्या शेजारच्या तेलंगणात तर दोनही नाहीत! आणि आपण महाराष्ट्रातले? ४० टक्के.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते, हॉटेलांतून. मुंबईला 'दक्षिण' भेटली ती मुख्यतः उडुपी हॉटेलांत, माटुंग्यासारख्या वस्त्यांत. तो स्वयंपाक मठ-मंदिरांच्या परंपरेतला, शाकाहारी. चेट्टिनाडची झणझणीत कोंबडी त्या गाडीत बसलीच नाही. पंजाबचं उलटं झालं. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या मंडळींनी दर्यागंजच्या 'मोती महाल'मधून तंदुरी चिकन देशभर गाजवलं. (पेशावर पंजाबात नाही, हे जाता जाता.) खेड्यातल्या पंजाबी घरातली कढी, राजमा, मक्याची रोटी मात्र मेनूकार्डाच्या तळाशी गेली.

अर्थात पाहणीत लोक जे सांगतात तेच नोंदलं जातं. गुपचूप ऑम्लेट खाणारे निसटले असतीलच, आमच्या सदाशिव पेठेतले तर नक्कीच.