गिटार शोला जाताना...

शो कोणासाठी? कॅलिफोर्नियातील अनाहाइमचा ‘नॅम’ शो मुख्यतः व्यापाऱ्यांचा, तो भरवणारी संस्था १९०१ची. हौशी वादकांना मोकळे दार टेक्सासमधील डॅलसच्या शोसारख्या ठिकाणी. तो १९७८पासून भरतो. तिथे खरेदी, विक्री आणि अदलाबदलही चालते. अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या काही संज्ञा आणि गोष्टी :

प्री-सीबीएस : जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी घेतली. त्याआधीच्या फेंडर गिटारी.

बर्स्ट : १९५८ ते १९६०ची सनबर्स्ट रंगातली गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड. तेव्हा फारशी खपली नाही. आज भाव विचारायलाही धीर लागतो.

पॉटवरचा आकडा : व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखाली ‘पॉट’ असतात. त्यांच्या पाठीवर बहुधा आकडे कोरलेले सापडतात. उदाहरणार्थ, १३७६६१२ : १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, १२ म्हणजे बारावा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. पॉट बदललेला असेल, तर हा हिशेबच बाद. जुने डाखकाम शाबूत आहे ना, हे आधी पाहतात.

रिफिनिश : मूळ रंग काढून पुन्हा रंगवलेली. वाजायला उत्तम असली तरी संग्राहकांत किंमत बरीच उतरते.

तारेची लांबी : फेंडर बहुधा २५.५ इंच, गिब्सन सुमारे २४.७५. आखूड लांबीत ताण कमी, बेंड सोपे.

लाकूड : ब्राझिलियन रोझवुड १९९२पासून ‘साइटिस’ या वन्यजीव-वनस्पती व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, परदेशी नेण्याआधी कागदपत्रे लागतात. आपला शिसव दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना २०१९मध्ये त्यातून सूट मिळाली.