पार्स्निप : एका मुळाचे नाव

इ. स. १८१७ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. पुढे तेथील छावणीसाठी जो मुख्य बाजार वसला, तोच सदर. या बाजारात मराठी गृहिणी ‘आलू’ मागते आणि घरी येऊन ‘बटाटा’ चिरते. वस्तुतः ही दोन्ही नावे उसनी होत. संस्कृतातील ‘आलु’ हा शब्द बटाटा भारतात येण्यापूर्वीच इतर कंदांना लावीत. पोर्तुगीजांकडून आलेला ‘बटाटा’ हा शब्द वेस्ट इंडीजमध्ये मुळात रताळ्याचा वाचक होता. भूमीखालील भाज्यांची नावे अशी एकीवरून दुसरीवर जातात. इंग्रजांच्या आहारातील पार्स्निपची कथा अशीच आहे.

पार्स्निप हे गाजराच्या आकाराचे, पिवळसर पांढरे मूळ. गाजर, कोथिंबीर, जिरे आणि बडीशेप ही त्याचीच भावंडे. कडाक्याच्या थंडीत त्यातील पिष्टाची साखर होते, म्हणून हिमपातानंतर काढलेले मूळ अधिक गोड लागते. दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा रुळेपर्यंत युरोपातील सामान्य माणसाचा हिवाळा पुष्कळ अंशी अशा मुळांवर निभावत असे.

रोमन लोक त्यास ‘पास्तिनाका’ म्हणत. परंतु गाजरासही ते हेच नाव देत. द्राक्षवेल लावताना जमीन उकरण्याच्या दुबेळक्या अवजाराचे नाव ‘पास्तिनुम’. त्यावरून हा शब्द निघाला असे मानतात. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्लंडात आला. तेथे सलगमास ‘नेप’ म्हणत. दोन्ही मुळेच, म्हणून लोकांनी नव्या शब्दाच्या शेवटी तेच ‘नेप’ जोडले आणि ‘पार्स्निप’ सिद्ध झाले. सलगमाशी त्याचे कुळाचे नाते मात्र काहीच नाही. सलगम मोहरीच्या कुळातील. अखेर इ. स. १७५३ मध्ये लिनीअसने गाजर आणि पार्स्निप यांना निरनिराळी शास्त्रीय नावे देऊन जुना घोटाळा मिटविला.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. याच कुळातील वॉटर हेमलॉक ही वनस्पती अत्यंत विषारी असून, तिचे मूळ रानटी पार्स्निप समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. लोकभाषा साम्य पाहून नाव देते. वनस्पतिशास्त्र भेद पाहून देते. बाजारात पहिल्याने काम भागते. रानात मूळ उपटणाऱ्यास मात्र दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.