दहशतपर्व आणि बिशप ग्रेग्वार

फ्रेंच राज्यक्रांतीच्या उग्र पर्वाचा (१७९२–९४) विचार करताना धर्म एका बाजूस व स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी सहज केली जाते. बिशप आंरी ग्रेग्वार यांचे चरित्र ती खोटी ठरविते. २१ सप्टेंबर १७९२ रोजी राष्ट्रीय परिषदेत राजेशाही नष्ट करण्याच्या सूचनेस त्यांनी हिरिरीने पाठिंबा दिला होता.

पुढे धर्मच राज्याचा शत्रू गणला जाऊ लागला. ७ नोव्हेंबर १७९३ रोजी पॅरिसचे बिशप गोबेल यांनी परिषदेसमोर धर्मपदाचा त्याग केला. ग्रेग्वार यांच्यावरही तसाच दबाव आला. त्यांनी ठाम नकार दिला. तीनच दिवसांनी नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये विवेकदेवतेचा उत्सव झाला. पदत्यागाने गोबेल यांना अभय लाभले नाही. एप्रिल १७९४ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

रोबेस्पिएर यांच्या पतनानंतर, डिसेंबर १७९४ मध्ये, ग्रेग्वार यांनी उपासनास्वातंत्र्य मागितले. परिषदेने ते नाकारले. परंतु फेब्रुवारी १७९५ मध्ये, मर्यादित स्वरूपात का होईना, मान्य केले.

सत्ता राजाची असो वा प्रजेची, सदसद्विवेकबुद्धी तिच्या अधिकारकक्षेबाहेरच राहते, हे ग्रेग्वार यांनी परिषदेतील आपले आसन न सोडता दाखवून दिले.